अन्नातून अंगात – लेखांक ४ : खेकड्यातून फुप्फुसात

मागच्या आठवड्यात आपण यकृतातल्या फ्लूकची ओळख करून घेतली. कच्च्या माशांतून पोटात जाणारे आणि पित्तनलिकेत ठाण मांडून बसणारे ते चपटे कृमी. त्यांच्याच भाऊबंदांपैकी एक फुप्फुसात राहतो, तो पॅरागोनिमस. तो येतो गोड्या पाण्यातल्या कच्च्या खेकड्यातून.

अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका बंगाली वाघाच्या फुप्फुसात हे कृमी सापडले. १८७८ मध्ये संग्रहालयाचे संचालक वेस्टरमन यांच्यावरून त्या जातीला नाव मिळालं. पुढच्याच वर्षी तैवानमध्ये माणसाच्या फुप्फुसातही फ्लूक आढळला.

फुप्फुसातल्या या कृमीची अंडी रुग्णाच्या थुंकीतून, किंवा बेडका गिळला गेला तर शौचावाटे बाहेर पडतात. पावसात ती ओढ्यात वाहून जातात. पाण्यात अळी निघते, ती गोगलगायीत शिरते, तिथे एकीच्या असंख्य होतात आणि मग खेकड्याच्या कल्ल्यांत, मांसात कोष करून बसतात. तो खेकडा कच्चा किंवा अर्धवट भाजलेला खाल्ला की आतड्यात कोष फुटतो. अळी आतड्याची भिंत भेदते, पोटाच्या पोकळीतून वर सरकते, श्वासपटल पार करते आणि फुप्फुसात पोचते. तिथे बहुधा दोघे-दोघे मिळून एका गाठीत राहतात. प्रत्येक कृमी सेंटीमीटरभर लांबीचा. दोन-तीन महिन्यांत अंडी सुरू होतात आणि पुढे वर्षानुवर्षं खोकला, गंजाच्या रंगाचा बेडका, मधूनच रक्त. एखादा कृमी वाट चुकून मेंदूत गेला तर रुग्णाला फिट्स येऊ शकतात.

खोकल्यातून रक्त म्हटलं की आपल्या देशात पहिला संशय क्षयाचा, आणि तो रास्तच आहे. पण मणिपूर, अरुणाचल, नागालँड इथल्या डोंगरी गावांत ओढ्याचा खेकडा कच्चा खाण्याची चाल आहे. मणिपूरमधून १९८० च्या दशकापासून या रोगाच्या नोंदी आहेत. नागालँडमध्ये तर क्षयाचे संशयित म्हणून आलेल्यांच्या थुंकीतच फ्लूकची अंडी मिळाली. अशा माणसाला क्षयाचा सहा महिन्यांचा कोर्स दिला जातो, खोकला हटत नाही, म्हणून पुन्हा दिला जातो. या लोकांची वर्षं अशी वाया जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

चूक होते ती प्रयोगशाळेतल्या टेबलावर. क्षयाचा जंतू इतका बारीक, की काच रंगवून सूक्ष्मदर्शकाच्या सर्वांत मोठ्या भिंगाखाली लाल काड्या शोधाव्या लागतात. फ्लूकचं अंडं त्या मानाने प्रचंड. न रंगवलेल्या ओल्या काचेवर छोट्या भिंगातूनही ते दिसतं. पण काड्या शोधणारा अंडं शोधत नसतो. आता सीबीनॅट यंत्र आलं. ते फक्त क्षयाची जनुकं ओळखतं, म्हणजे केवळ त्यावर विसंबलं तर थुंकी कुणी डोळ्यांनी पाहतच नाही.

मग खेकडा खाणंच सोडायचं का? नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात त्याच्या नांग्या वाटून, रस गाळून कालवणात घालतात आणि ते खळखळून उकळतात. त्या उकळीत कोष मरतात. लिंबू, मीठ किंवा दारू यांच्या भरवशावर मात्र राहू नये. आणि ज्या पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये ओढ्याचा कच्चा खेकडा वाटला, तो नीट घासल्याशिवाय त्यात चटणी वाटू नये, कारण कोष भांड्यालाही चिकटून राहतात.

औषध आहे आणि ते गुणकारी आहे : प्राझिक्वांटेल, दोन-तीन दिवसांच्या गोळ्या. पुण्या-मुंबईत ईशान्येकडून शिकायला, नोकरीला आलेली कितीतरी मुलं-मुली आहेत. त्यांच्यापैकी कुणाचा खोकला हटत नसेल आणि थुंकी सतत निगेटिव्ह येत असेल, तर क्षयाची औषधं मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांना सांगावं की गावी खेकडा कच्चा खाल्ला आहे. आणि डॉक्टरांनी त्याच दिवशी लॅबला एक ओली काच बघायला सांगावी.

(पुढील लेखांक : पाणवनस्पतींवरून येणारा फॅसिओला)