कोंबडी पिसे टाकते तेव्हा



दसरा-दिवाळीच्या सुमारास खुराड्यात पिसांचा सडा पडतो, अंडी बंद होतात. लगेच 'रोग लागला' म्हणून कोंबडी बाजारात नेऊ नका. दिवस लहान होऊ लागले की वर्ष उलटलेली कोंबडी जुनी पिसे टाकून नवी धरते. आधी डोके-मान, मग छाती-पाठ, शेवटी पंख अन् शेपूट. याला साधारण दोन-तीन महिने लागतात.

कातडीवर नव्या पिसांचे कोंब दिसताहेत, कोंबडी दाणे टिपतेय, तर घाबरायचं कारण नाही. मात्र शेपटीखाली उवा आहेत का, ते पाहा. हिरवट हगवण, वाकडी मान, सुस्ती दिसली तर ती मानमोडी असू शकते. कोंबडी वेगळी ठेवा अन् जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

पीस बहुतेक प्रथिनांचंच बनतं. नुसत्या ज्वारीवर भागत नाही. जोडीला शेंगदाण्याची पेंड, बिनमिठाची सुकट द्या. बुरशीची पेंड मुळीच नको. स्वच्छ पाणी ठेवा. रात्री थंडी लागू देऊ नका. कोवळ्या कोंबात रक्त असतं, म्हणून उगाच धरपकड करू नका.

आणखी एक. उशिरा पिसे टाकून झटपट नवी धरणारी कोंबडी बहुधा जास्त अंडी देणारी असते. ती एकदम भुंडी दिसते, म्हणून आपण तीच आधी विकतो! तिच्या पायात दोरा बांधा अन् तिचीच अंडी रवणाला ठेवा. लवकर पिसे टाकून रेंगाळणारी खुशाल विका.