लॉगआउट केलं, तरी प्रोग्रॅम चालूच का राहतो?

राजारामपुरीतल्या खोलीवरून कॉलेजच्या लिनक्स सर्व्हरवर रात्रभराचं काम लावणाऱ्या भावांनो, हे समजून घ्याच!

🔹 नेट तुटलं की कर्नल शेलला 'सिगहप' हा १ क्रमांकाचा सिग्नल पाठवतो. बॅश हे शेल तो आपल्या सगळ्या कामांना पुढे धाडतं आणि ती सहसा बंद पडतात.

🔹 'एक्झिट' टाइप करून बाहेर पडलात, तर मूळ सेटिंगमध्ये बॅश हा सिग्नल पाठवत नाही. बॅकग्राउंडचं काम जिवंत राहतं. शेल गेल्यावर अशा पोरक्या प्रोसेसला सहसा १ क्रमांकाची प्रोसेस दत्तक घेते.

🔹 नेहमीचा उपाय : काम 'नोहप' लावून सुरू करा आणि आउटपुट फाइलमध्ये वळवा. परत येऊन तोच टर्मिनल हवा असेल, तर 'टीमक्स' वापरा.

🔹 २०१६ मध्ये सिस्टमडी या लिनक्सच्या सिस्टम मॅनेजरच्या २३० व्या आवृत्तीनं लॉगआउटला सगळंच बंद करायचं ठरवलं. डेबियननं ते सेटिंग पुन्हा उलटं केलं. तुमच्या सर्व्हरवर ते चालू असेल, तर अ‍ॅडमिनकडून 'लिंगर' सुरू करून घ्या आणि काम युजर सर्व्हिस म्हणून लावा.

आणि काम संपलं की 'पीएस'नं तपासून उरलेल्या प्रोसेस बंद करा. सर्व्हरची मेमरी सगळ्यांची आहे.