एका एकरात नऊ परार्ध

जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागलं आणि राजूरचा गणपती मागे टाकला की पुढे पूर्णेकाठी केदारखेडा येतं. काळी जमीन, कपाशी, सोयाबीन, मका आणि मध्येमध्ये तुरीचे पट्टे. या शिवारातला फक्त एक एकर घेऊ. चाळीस गुंठे, त्यात सलग तूर. दिसायला अगदी शांत रान. पण तिथे पेरणीपासून खळ्यापर्यंत रात्रंदिवस जी लढाई चालते, तिचे आकडे मांडायला बसलं की हातातली पेन्सिल थांबते. चला, मांडून तर बघू.

आधी माती तोलू. एकराच्या वरच्या अर्ध्या फुटातली माती भरते सुमारे नऊशे टन. मालगाडीच्या एका वाघिणीत साठेक टन माल बसतो, म्हणजे पंधरा वाघिणी. चार एकरांची माती उचलली तर जालना स्टेशनात अख्खी मालगाडी भरून उभी राहील. आणि ही झाली फक्त वरची अर्धा फूट. तुरीचं मूळ याच्या खाली माणसाच्या उंचीइतकं सहज जातं.

आता त्या नऊशे टनांतून एक ग्रॅम उचला. चिमूटभर. चांगल्या सुपीक मातीच्या एवढ्याशा चिमटीत जिवाणू असतात शंभर कोटींपर्यंत. भारताची लोकसंख्या एकशे चाळीस कोटींच्या घरात आहे; दीड चिमूट माती घेतली की आपण सगळे मागे पडलो! मग एकराचे किती? नवावर सतरा शून्यं. कोटी, अब्ज, खर्व, निखर्व करत भास्कराचार्यांची ‘लीलावती’तली यादी जिथे संपते, त्या शेवटच्या पायरीचं नाव परार्ध. एकावर सतरा शून्यं. केदारखेड्याच्या एका एकरात असे नऊ परार्ध जीव मावतात.

त्यांना एकामागे एक ओळीत लावलं तर? एकेक जिवाणू मिलिमीटरचा हजारावा भाग, तरी रांग होते नव्वद कोटी किलोमीटरची. मुंबई-पुण्याच्या साठ लाख खेपा. सूर्यापर्यंत तीनदा जाऊन तीनदा परत. आणि वजन? जिवाणूला वजन ते काय असणार, असं वाटतं. पण सगळे मिळून भरतात नऊ क्विंटल. कोरडवाहू तुरीला एकरी नऊ क्विंटलचा उतारा पडला तर शेतकरी गावभर सांगत फिरेल. आणि इथे त्याच एकरात तेवढ्याच वजनाचं दुसरं पीक मातीखाली आधीपासून उभं आहे!

यातले बहुतेक जीव बिनउपद्रवी, कित्येक तर तुरीचे सोबतीच. मुळांवरच्या गाठींत बसून तिला हवेतलं नत्र पुरवणारे. पण लाखात एकच वैरी धरला, तरी वैऱ्यांची संख्या होते नऊ लाख कोटी. तीन फूट बाय आठ इंचांवर पेरलेल्या एकरात तुरीची झाडं बावीस हजार. भाग घाला. एका झाडामागे चाळीस कोटी.

आणि खरा घातकी तर जिवाणूंच्या या मोजणीत आलेलाच नाही. तो बुरशी आहे: फ्युजेरियम उडम, म्हणजेच मर रोग. तूर फुलोऱ्यात असते, पाणी मिळालेलं असतं, आणि तरी एक झाड मान टाकतं. शेजारचं हिरवंगार. खोडावर बुडापासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा दिसतो. ते झाड उपटावं, विळ्यानं खोड उभं चिरावं आणि साल बाजूला करून आत पाहावं. पांढऱ्या लाकडात वरपर्यंत काळ्या-तपकिरी रेघा ओढलेल्या असतात. या रेघा म्हणजे झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. बुरशी मुळाच्या टोकातून शिरली आणि तिनं नळच बंद केला. झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मेलं. पीक काढल्यावर जे बुडखे जमिनीत राहतात, त्यांच्यावर ही बुरशी तीन-तीन वर्षं तग धरून बसते. म्हणजे आज जी तूर उभी आहे, तिच्यासाठी परवाच्या हंगामाच्या आधीचा शत्रू दबा धरून आहे.

दुसरा वैरी वाऱ्यावर येतो. वांझ रोग. झाड मरत नाही, उलट झुडपासारखं दाट फुटतं, पानं फिकी पडतात आणि फूलच येत नाही. शेंग नाही, दाणा नाही. हा रोग विषाणूचा. तो वाहून आणतो एक कोळी, ज्याची लांबी मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. डोळ्यांना दिसतच नाही. प्रयोगात एकेका झाडावर असा एकच कोळी सोडला, तर निम्म्याहून थोड्या अधिक झाडांना रोग लागला. पाचाहून जास्त सोडले, तर एकही झाड वाचलं नाही! हा जीव वाऱ्यावर एखादा किलोमीटर उडून गेला की त्यानं स्वतःच्या लांबीच्या पन्नास लाख पट मजल मारलेली असते. साडेपाच फुटी माणसानं तेवढी मजल मारायची म्हटली तर मुंबई-पुण्याच्या पंचावन्न खेपा, त्याही पाय जमिनीला न लावता.

या अदृश्य कोळ्याची करणी रुपयांत किती? हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८४ साली जो अंदाज मांडला, त्यात एकट्या वांझ रोगानं देशाचं वर्षाचं नुकसान होतं २,०५,००० टन तूर. साठ टनांच्या ३,४०० वाघिणी. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये. त्या भावानं १,६४० कोटी रुपये. पाचशेच्या नोटांत मोजायचे तर तीन कोटी अठ्ठावीस लाख नोटा. मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाचा जीव, आणि एवढा घास!

आता बाजू पालटू. कारण मला यापेक्षा मोठं आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. एवढे वैरी असताना तूर उभी राहते! तिला पळता येत नाही. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी गस्त घालत फिरतात; झाडात तसं फिरणारं कोणीच नाही. प्रत्येक पेशी जागच्या जागी चिणलेली. जिच्यावर हल्ला झाला तिनंच तो ओळखायचा आणि तिनंच लढायचं.

ओळखण्याची ताकद बघा. बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, तेच जे खेकड्याच्या कवचात असतं. झाडाच्या अंगात ते नसतं. म्हणून कायटिनचा तुकडा भेटला की पेशीला कळतं, परका आला. किती तुकडे भेटायला हवेत? १९९३ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी टोमॅटोच्या पेशींवर हे मोजलं. आपण ते उत्तर विहिरीत ओतून पाहू. वीस फूट व्यासाची विहीर, तेहतीस फूट पाणी; जवळपास तीन लाख लिटर. त्यात कायटिनचे तुकडे टाकायचे तीस सेंटिग्रॅमहूनही कमी, म्हणजे चिमूटभर मिठापेक्षा थोडे. ढवळायचं. त्या विहिरीतला एक थेंब पेशीला पुरतो. रुपयांत सांगायचं तर एक कोटी रुपयांचा ढीग पुढे ओतावा आणि त्यातला एक पैसा खोटा आहे हे पेशीनं ओळखावं.

आणि वेळ? काही मिनिटांत पेशी हल्लेखोराच्या वाटेवर तिखट ऑक्सिजनचा मारा सुरू करते. मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर पाहिलं, तर जिवाणूच्या शेपटीचा तुकडा ओळखल्यावर अर्ध्या तासात हजाराच्या आसपास जनुकं जागी झाली होती. पानांवरची श्वासाची छिद्रं, जिथून जिवाणू आत घुसतात, तीही तासा-दोन तासांत मिटतात. आणि छिद्रं किती म्हणता? पानाच्या एका चौरस सेंटिमीटरला दहा हजार एवढीच धरली आणि एकरभर पानांचा एकच थर अंथरला, तरी चाळीस हजार कोटी. प्रत्येक भारतीयाच्या वाट्याला पावणेतीनशेहून जास्त दारं, आणि ती सगळी राखायला दारवान कोणी नाही. दारंच स्वतःला लावून घेतात.

सगळं फसलं तर शेवटचा उपाय भयंकर आहे. बुरशी ज्या पेशीत शिरली ती पेशी आपण होऊन मरते, आजूबाजूच्या चार पेशी मरतात, आणि शत्रू मेलेल्या पेशींत कोंडला जातो. पानावर टाचणीच्या डोक्याएवढा करडा ठिपका दिसतो. बाकीचं झाड वाचतं.

हे सारं लिहून ठेवलंय कुठे? तुरीच्या जनुकसंचात. ‘आशा’ नावाचं वाण मर आणि वांझ, दोन्ही रोगांना दाद देत नाही. त्याचाच संच भारतीय शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये वाचला. मोजली ४७,००४ जनुकं, आणि त्यांतली १,२१३ रोगाशी झुंजण्यासाठी. ही जनुकं झाडात हेरून वाण घडवण्याचं काम आपल्या जिल्ह्यातच, बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात होत आलंय. बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३, बीडीएन ७११ ही नावं मराठवाड्यात बियाण्याच्या कुठल्याही दुकानात विचारा. अशा कामासाठी रोगट मातीचं शेत मुद्दाम राखतात. तिथे हजारो ओळी पेरायच्या, मरतील त्या मरू द्यायच्या, आणि काळ्या रेघांच्या राज्यात जी हिरवी उरेल तिचं बी घ्यायचं. हे काम करणाऱ्यांचं माझ्या मते आपल्याकडे पुरेसं कौतुक झालेलं नाही. ताटातल्या वरणात त्यांचा वाटा आहे.

तर हा १,२१३ जनुकांचा दस्तऐवज त्र्याऐंशी कोटी अक्षरांच्या संचात बसलाय. प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती. धागा उलगडला तर एका पेशीतून जवळपास दोन फूट निघतो! पेशी डोळ्यांना दिसत नाही आणि धागा दोन फूट. पावणेतीन लाख पेशींचे धागे गाठी मारून जोडले तर मुंबईहून पुणं गाठतील, आणि एवढ्या पेशी तुरीच्या पानाच्या करंगळीच्या नखाएवढ्या तुकड्यात सहज असतात.

आता पूर्ण झाड. मिलिमीटरचा विसावा भाग ही पेशीची बाजू धरली, तर किलोभर हिरव्या झाडात पेशी होतात आठशे कोटी. आज पृथ्वीवर माणसं आठशे कोटींच्या वर आहेत. एक तुरीचं झाड म्हणजे जवळजवळ सगळी मानवजात, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या खिशात १,२१३ कलमांची संरक्षणाची पोथी. अशी झाडं एकरात बावीस हजार. पेशी झाल्या एक कोटी शहात्तर लाख कोटी. समोर मातीत नऊ परार्ध. एका पेशीला पाच हजार!

आणि धागा? एकरातल्या सगळ्या पेशींचा धागा एकत्र जोडला की लांबी होते दहा हजार कोटी किलोमीटर. इथून सूर्यापर्यंतच्या अंतराच्या साडेसहाशे पटींहून जास्त. सूर्याचा किरण आपल्यापर्यंत आठ मिनिटं वीस सेकंदांत येतो. तोच किरण या धाग्याच्या एका टोकाला सोमवारी सकाळी सहाला सोडला, तर सोमवार जाईल, मंगळवार, बुधवार जाईल, गुरुवारची मध्यरात्र उलटेल आणि शुक्रवारी पहाटे दोनच्या पुढे तो दुसऱ्या टोकाला लागेल. वाटेत दर एका फुटाला १,२१३ कलमांची तीच पोथी पुन्हा पहिल्यापासून.

आणि हे झालं एका एकराचं. केदारखेड्याच्या शिवारात तुरीखाली एकर किती, ते तलाठ्याच्या दप्तरातल्या पीकपेऱ्यावरून घ्या आणि गुणा.