दोन स्क्रूंच्या मधोमध

मका किंवा ऊस यांतील साखर आंबवून मिळणाऱ्या लॅक्टिक आम्लापासून बनणारे पॉलिलॅक्टिक ॲसिड, म्हणजे पीएलए, हे जैवविघटनशील बहुवारिकांपैकी सर्वांत परिचित असून पारदर्शक आणि ताठ आहे. मात्र ताणले असता पाच टक्केही लांबण्याआधी ते सहसा तुटते. याउलट पीबीएटी हे मुख्यतः खनिज तेलापासून तयार होणारे, तरीही कंपोस्टात विघटित होणारे पॉलिएस्टर मऊ असते आणि मूळ लांबीच्या कित्येक पट ताणले जाते. दोन्ही वितळवून एकत्र केली की एकाचा ताठपणा आणि दुसऱ्याची लवचिकता हाती येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती आशा किती सफल होते, हे ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रात एखाददुसऱ्या मिनिटात ठरते.

या यंत्राचा इतिहास थोडक्यात असा की, एकाच दिशेने फिरणाऱ्या आणि एकमेकांचा पृष्ठभाग निपटून काढणाऱ्या दोन स्क्रूंची रचना जर्मनीत रुडॉल्फ एर्डमेंगर यांनी विकसित केली आणि 1950 च्या दशकात वेर्नर उंड फ्लायडरर या कंपनीने बायरकडून परवाना घेऊन ती यंत्ररूपात बाजारात आणली. खरे नवल आहे ते त्या स्क्रूंवर बसवलेल्या नीडिंग ब्लॉकचे. बॅरलच्या, म्हणजे स्क्रूंभोवतीच्या नळकांड्याच्या, आत दोन शाफ्टांवर ओवलेले बहुतेक भाग वितळलेला माल पुढे ढकलतात. नीडिंग ब्लॉक मात्र लांबट आकाराच्या जाड चकत्यांचा बनलेला असतो, त्या चकत्या एकमेकींशी 30, 45, 60 किंवा 90 अंशांचा कोन करून बसवतात, आणि 90 अंशांच्या मांडणीत पुढे ढकलण्याची शक्ती जवळजवळ उरत नसल्याने माल तेथे तुंबून पुन्हापुन्हा पिळला जातो.

ही पिळवणूक आवश्यक ठरते, कारण लांब साखळ्यांचे रेणू एकमेकांत विरघळण्यास फारसे राजी नसतात आणि पीबीएटी हे पीएलएमध्ये सूक्ष्म थेंबांच्या रूपानेच राहते. जी. आय. टेलर यांनी 1934 मध्ये दाखवले की प्रवाहाचा ताण थेंबाला लांबवतो आणि पृष्ठताण त्याला पुन्हा गोल करू पाहतो. पुढील प्रयोगांतून असेही स्पष्ट झाले की थेंबाची श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध, भोवतालच्या द्रवाच्या सुमारे चौपट झाली, तर नुसत्या घसरत्या प्रवाहात तो फुटतच नाही. त्याला फोडण्यासाठी दोन्हीकडून खेचणारा प्रवाह लागतो, आणि चकत्यांच्या अरुंद फटींत तो काही अंशी निर्माण होतो.

थेंब बारीक झाले तरी काम पुरे होत नाही. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी 2006 मध्ये पीएलएमध्ये 20 टक्के पीबीएटी मिसळले, तेव्हा ताणातील लांबी दोनशे टक्क्यांहून पुढे गेली, परंतु अचानक बसणारा आघात सोसण्याची क्षमता त्या प्रमाणात वाढली नाही. सावकाश ताणताना थेंब सुटून मागे पोकळ्या राहतात आणि भोवतालचे पीएलए वाहू लागते. आघातात मात्र तेवढी सवड नसते, आणि थेंब व पीएलए यांच्यामधील सांधा कच्चा असेल, तर तडा तेथूनच वाट काढतो. म्हणून मिश्रणात बहुधा एक टक्क्याहून कमी प्रमाणात अनेक इपॉक्सी गट असलेले द्रव्य घालतात. ते गट दोन्ही बहुवारिकांच्या साखळ्यांच्या टोकांना जोडले जातात, त्यामुळे सांध्यावरच पीएलए आणि पीबीएटी यांचा जोडरेणू तयार होतो, आणि हाच जोडरेणू थेंबांना पुन्हा एकमेकांत मिसळण्यापासूनही रोखतो. यंत्र चालू असताना त्याच्या पोटात घडणारी ही रासायनिक क्रिया या साऱ्या तंत्राचा सर्वांत सुंदर भाग आहे.

अडचणींचा उगमही त्याच क्रियेत आहे. द्रव्य थोडे जास्त झाले किंवा एका जागी साचले, तर साखळ्या जाळ्यासारख्या गुंफल्या जाऊन गाठी होतात, पातळ फिल्ममध्ये त्या ठळक दिसतात आणि फिल्म तेथेच फाटते. कमी झाले, तर सांधा कच्चा राहतो. पीएलए दमट असेल, तर वितळलेल्या अवस्थेतील पाणीच त्याच्या साखळ्या तोडते, म्हणून दाण्यांतील ओलावा 250 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 250 भागांच्या, खाली आणावा लागतो. जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीजने 2024 मध्ये जैवबहुवारिकांचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू केल्यावर ओलाव्याचा हा प्रश्न ऊसपट्ट्याच्या दारात आला आहे, आणि कोकणातील किंवा मुंबईलगतच्या कारखान्याला पावसाळ्यात कोरडे दाणेही यंत्राच्या तोंडाशी असलेल्या हॉपरपर्यंत कोरडेच ठेवणे हे वेगळे काम होऊन बसते. शिवाय एक्स्ट्रूडरमधून नीट निघालेला माल फिल्म फुगवताना पुन्हा वितळतो, तेव्हा जोडरेणू अपुरे असतील, तर बारीक केलेले थेंब एकत्र येऊन परत मोठे होतात. साधारण तापमानाला ठेवलेले पीएलएही काही दिवसांत आतून आकसून अधिक ठिसूळ होते, त्यामुळे यंत्रातून निघताच केलेली चाचणी ग्राहकाच्या हातातील पिशवीविषयी पुरती हमी देत नाही.

चिंता वाटावी अशी गोष्ट आणखी एक आहे. साखळ्या वाढवणारे आणि जोडणारे प्रत्येक द्रव्य पुढे सूक्ष्मजीवांना तोडावे लागते, आणि पीएलए सुमारे 58 अंश सेल्सिअस तापमानाच्या औद्योगिक कंपोस्टात झपाट्याने विघटित होत असले, तरी मातीत किंवा समुद्रात ते फार काळ टिकते. त्यामुळे मिश्रण चिवट करणाऱ्या अभियंत्याला प्रत्येक बदलानंतर आघातचाचणीबरोबर कंपोस्टचाचणीही पुन्हा घ्यावी लागते, आणि पहिलीचा निकाल काही तासांत मिळत असला तरी दुसरीला अनेक महिने लागतात.