ओबात्स्दा: बव्हेरियाचा चीजचा ठेचा

काही पदार्थांच्या नावातच त्यांची कृती सांगितलेली असते. ठेचून केला तो ठेचा, कालवून केले ते कालवण. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात बिअरसोबत आवडीने खाल्ला जाणारा 'ओबात्स्दा' हा याच कुळातला. तेथील बोलीत या शब्दाचा अर्थच मुळी 'चेचून-कालवून एकजीव केलेले' असा होतो.

या पदार्थाचा जन्म काटकसरीतून झाला. कॅमेंबेर या मऊ चीजवर पांढऱ्या बुरशीचा पातळ थर असतो. तिच्या विकरांमुळे चीज बाहेरून आत मऊ होत जाते आणि वासही उग्र होतो. असे जास्त पिकलेले चीज टाकून न देता लोण्यात कालवले की त्याचा उग्रपणा निवळतो. आंबट झालेल्या दह्याची कढी करणाऱ्या गृहिणीला हे शहाणपण निराळे सांगायला नको.

ओबात्स्दाला प्रतिष्ठा मिळाली ती बिअरबागांमध्ये. १८१२ साली राजा पहिला मॅक्सिमिलियन जोसेफ याने म्युनिकच्या बिअर उत्पादकांना आपल्या तळघरांपाशी बिअर विकण्याची मुभा दिली. मात्र पावाखेरीज अन्य खाद्यपदार्थ विकण्यास मनाई केली. साहजिकच लोक घरून शिदोरी आणू लागले. ती प्रथा आजही टिकून आहे. पुढे १९२०च्या दशकात फ्रायझिंग येथील वाइहेनश्टेफानच्या उपाहारगृहाच्या चालक कॅथरिना आयझेनराइख यांनी ओबात्स्दा लोकप्रिय केला, असे मानले जाते.

कृती सोपी आहे. २५० ग्रॅम पिकलेले कॅमेंबेर आणि ७५ ग्रॅम लोणी तासभर बाहेर ठेवून मऊ होऊ द्यावे. चीजच्या फोडी करून त्या लोण्यासह काट्याने चेचाव्यात. मिक्सर वापरू नये. त्याने मिश्रण अगदी गुळगुळीत होते, आणि या पदार्थाची गंमत तर मधूनमधून लागणाऱ्या खड्यांत आहे. नंतर एक चमचा कमी तिखट लाल मिरचीपूड, अर्धा चमचा भरडलेले शहाजिरे, चवीपुरते मीठ आणि दोन-तीन चमचे बिअर घालावी. तासभर थंड जागी मुरू द्यावे. बारीक चिरलेला कांदा मात्र वाढतेवेळीच मिसळावा. आधी घातल्यास त्याला पाणी सुटते आणि मिश्रण कडवट होते. चीजला अमोनियासारखा तीव्र दर्प येत असेल, तर काटकसर बाजूला ठेवून ते टाकून द्यावे.

बव्हेरियात ओबात्स्दा राईच्या पावासोबत किंवा 'ब्रेत्सेल' या वेटोळ्या खारट पावासोबत खातात. बिअर वर्ज्य असेल तर तिच्याऐवजी थोडे दूध घालता येते. ज्वारीच्या गरम भाकरीवरही तो शोभतो.

२०१५ मध्ये युरोपीय संघाने या पदार्थाला भौगोलिक संरक्षण दिले. त्यानुसार त्यात किमान ४० टक्के कॅमेंबेर किंवा ब्री हवे; लोणी, लाल मिरची आणि मीठही आवश्यक. बिअर ऐच्छिक आहे. विशेष म्हणजे सरकारी नोंदीत पदार्थाचे नाव प्रमाण जर्मन भाषेत न घालता बोलीतच ठेवले गेले. स्वयंपाकघरातला शब्द कायद्याच्या पुस्तकात जसाच्या तसा जाऊन बसला.

बोलीचा हा मान वऱ्हाडाला अपरिचित नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी संकलित केल्या. त्यातून सिद्ध झालेले 'लीळाचरित्र' संस्कृतात नव्हे, तर लोकांच्या मराठीत आहे. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. महानुभावांच्या या तीर्थक्षेत्री मद्याला स्थान नाही, पण ओबात्स्दाच्या नावाची गोष्ट तेथे नक्कीच समजून घेतली जाईल. ठेचणे, कालवणे, घोटणे, रगडणे ही क्रियापदे मिक्सरच्या एका कळीत विरून जात आहेत. हाताची कृती सुटली की शब्दही सुटतो. बव्हेरियाने आपला शब्द कागदावर नोंदवला. पण तो खऱ्या अर्थाने जिवंत आहे, तो आजही काट्याने चीज चेचणाऱ्या हातांमुळेच.