खिडकीआडचा फार्मासिस्ट

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर. केसपेपर घेऊन आपली माणसे औषधांच्या खिडकीशी उभी राहतात. गोळ्या हातात पडल्या की घरी जायची घाई. विचारायचे राहूनच जाते.

मेथोट्रेक्सेटचेच पाहा. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली, तर तोंड येते, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. आजीला वाचता येत नसेल, तर "फक्त गुरुवारी" एवढे सांगणारे कुणीतरी हवे. ते काम फार्मासिस्टचे. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समजावून सांगणे त्याच्या कामातच धरले आहे. 2008 पासून देशात सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रमही आहे, शेवटचे वर्ष रुग्णालयात काढावे लागते. बारावी सायन्सच्या आपल्या मुलामुलींनी हा रस्ताही पाहावा. पालकांना मात्र फार्मसी म्हणजे अजून मेडिकलचे दुकानच वाटते!

औषधाने अंगावर चट्टे उठले, सूज आली, तर आधी डॉक्टरांना दाखवा. शिवाय 1800-180-3024 या टोल-फ्री क्रमांकावर रुग्णालाही तक्रार नोंदवता येते.

25 सप्टेंबर हा जागतिक फार्मासिस्ट दिन. विहारात आरोग्य शिबिर घेणाऱ्या मंडळांनी त्या दिवशी फार्मासिस्टला जरूर बोलवावे. शाल-पुष्पगुच्छ द्या, पण नंतर त्याला टेबल-खुर्चीही द्या. घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णेसुद्धा, पिशवीत घालून वडीलधाऱ्यांनी त्याच्यासमोर ओतावीत.