चढावर गाडी थांबते आणि दोष बॅटरीला लागतो

कुंडल हे गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. गावाच्या अंगाला झरी पार्श्वनाथ, गिरी पार्श्वनाथाचे डोंगर आणि देवराष्ट्र्याच्या बाजूला सागरेश्वरची रांग. अशा मुलखात बॅटरीवर चालणारी तीनचाकी सायकल दिव्यांग माणसाच्या हाती आली, की सपाटीवरचे जगणे पुष्कळ सोपे होते. पण गल्ली वर चढू लागली, की गाडी गुरगुरते, गरम होते आणि मध्येच थांबते. यावर एकच सल्ला सगळीकडून येतो: ‘बॅटरी कमी पडतेय, मोठी टाका.’ दुरुस्तीवाला सांगतो, विकणारा सांगतो, शेजारी सांगतात, घरचेही मान डोलावतात. हा सल्ला चुकीचा आहे. संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानातून महिनोन्महिने शिल्लक टाकून कुणी तो पाळला, तर पैसे जातात आणि चढ तिथेच राहतो. म्हणून ही चूक नीट उलगडून सांगायला हवी.

बॅटरीत साठते ती ऊर्जा. चढाला किती ऊर्जा लागते, हे शाळेतल्या गणितानेच कळते. चालवणारा 65 किलोचा आणि बॅटऱ्यांसह गाडी 85 किलोची धरू. एकूण 150 किलो. एवढे वजन 50 मीटर उंच न्यायला सुमारे 73,500 ज्यूल, म्हणजे फक्त 20 वॅट-तास लागतात. वाटेत तेवढीच ऊर्जा वाया गेली असे धरले, तरी हिशेब 40 वॅट-तासांच्या आसपासच राहतो. आता बॅटरीकडे पाहा. 12 व्होल्ट, 24 अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, की 24 व्होल्टला 576 वॅट-तास होतात. म्हणजे 50 मीटरचा चढ बॅटरीचा चौदावा-पंधरावा हिस्सा खातो. 50 मीटर ही थोडी उंची नव्हे. गावातल्या बहुतेक चढणी याच्या निम्म्याही नसतात. मग टाकी भरलेली असताना गाडी थांबते, ती टाकी लहान आहे म्हणून कशी थांबेल?

ती थांबते, कारण चाकाला जोर पुरत नाही. अपंगांसाठीच्या रॅम्पचा मान्य निकष 12 ला 1, म्हणजे साधारण 8 टक्के चढाचा आहे. घाटरस्त्यांसाठीही इंडियन रोड्स काँग्रेस डोंगराळ भागात नेहमीचा चढ 5 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. गावातली गल्ली अशा कुठल्याच निकषाने बांधलेली नसते. तरी आपण 12 ला 1 हाच चढ धरू. त्यावर आपली 150 किलोची गाडी वर ढकलायला सुमारे 122 न्यूटन जोर लागतो. टायरच्या घर्षणाचे वीस-बावीस मिळवले, की 145. समजा चाकातच बसवलेली 250 वॅटची हब मोटर ताशी 15 किलोमीटर वेगासाठी जुळवलेली आहे. त्या वेगाला ती चाकाला फक्त 60 न्यूटन देते. 145 हवेत, 60 मिळतात; सगळा प्रश्न या दोन आकड्यांत आहे. मोटर उरलेला जोर जास्त करंट ओढून देऊ पाहते. करंट दोन-अडीच पट झाला, की तारांच्या वेढ्यांतली उष्णता त्याच्या वर्गाने, जवळजवळ सहापट वाढते. चाक थांबले, की आत येणारी सगळी वीज उष्णताच होते. चढावर ‘चार्जिंग झपाट्याने उतरते’ ही तक्रार खरी आहे. पण ती वीज गाडी वर नेण्यात गेलेली नसते, मोटर तापवण्यात गेलेली असते.

आता तीच 250 वॅटची मोटर घ्या आणि गाडीचा वेग ताशी 6 किलोमीटरवर उतरवणारे गिअर मध्ये घाला. त्याच ताकदीत चाकाला 150 न्यूटन जोर मिळतो. हवे होते 145. नवी बॅटरी नाही, नवी मोटर नाही, आणि गाडी वर जाते. क्रांतिअग्रणी कारखान्याकडे निघालेला उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चढाला लागला, की चालक डिझेलची टाकी बदलायला जात नाही. खालचा गिअर टाकतो. हे ज्या गावात पोरासोरांना ठाऊक आहे, तिथे विजेच्या गाडीपाशी आले की तेच ज्ञान कुठे जाते, हे खरोखर समजत नाही.

‘पण अमक्याने नवी बॅटरी टाकली आणि गाडी चढली की!’ असे कुणी सांगेल. चढली असेल. जुनी लेड-ॲसिड बॅटरी आतून झिजली, की जास्त करंट मागताच तिचा व्होल्टेज कोसळतो आणि कंट्रोलर तिला वाचवण्यासाठी पुरवठा तोडतो. तिथे दोष बॅटरीच्या म्हातारपणाचा असतो, आकाराचा नव्हे. तेवढ्याच क्षमतेची नवी बॅटरीही तेच काम करते. फरक ओळखायला साधा मल्टिमीटर पुरतो. तो बॅटरीच्या दोन टोकांना लावून कुणीतरी गाडीबरोबर चढावर चालत जावे. आकडा 24 वरून 21 च्या खाली पडला आणि गाडी तुटक तुटक चालू लागली, तर बॅटरी संपलेली आहे. आकडा 24 च्या आसपास टिकून आहे, मोटर घुमते आहे आणि चाक हलत नाही, तर बॅटरीला हात लावू नका. ही तपासणी न करता जो मोठी बॅटरी विकतो, तो गिऱ्हाइकाचे नुकसान करतो. शिशाच्या बॅटरीचे वाढीव दहा-पंधरा किलो त्याच चढावर ओढावे लागतात, ते वेगळेच. बॅटरी बदलायचीच वेळ आली असेल, तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यावी. तेवढ्याच ऊर्जेला तिचे वजन निम्म्याहून कमी असते आणि जास्त करंटला तिचा व्होल्टेज फारसा पडत नाही.

दुसरा आक्षेप मोटरचा: सरळ 1000 वॅटची बसवली तर? गाडी चढेल, हे मान्य. पण 24 व्होल्टला 1000 वॅट म्हणजे चाळीसच्या वर अँपिअर. जुन्या वायरी, कनेक्टर आणि कंट्रोलर त्यासाठी केलेले नसतात. सपाटीवर हीच मोटर सायकलच्या चाकांना आणि ब्रेकना न झेपणारा वेग देते. शिवाय कायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार 250 वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या बॅटरी वाहनाला, मान्यताप्राप्त संस्थेने तपासले असेल आणि इतर अटी पाळल्या असतील तर, मोटार वाहन धरत नाहीत. ताकद वाढवली, की ती सवलत जाते. नोंदणी, परवाना, विमा सगळे मागे लागते. ‘दिव्यांगाच्या गाडीला कोण अडवतो’ हे उत्तर अपघातानंतर विमा कंपनीपुढे चालत नाही.

गिअरचे काम परदेशातून मागवायची गरज नाही. बेळगावात सायकलचे दुकान चालवलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर 1910 मध्ये कारखाना उभा केला, तो याच कुंडलच्या शिवाराला लागून. आजचे किर्लोस्करवाडी स्थानक तेव्हा कुंडल रोड होते. लेथ आणि वेल्डिंग जाणणारे हात या पट्ट्यात आणि पलूसच्या औद्योगिक वसाहतीत आहेत. मोटर चाकातून काढून फ्रेमवर घ्यायची, मध्ये एक शाफ्ट टाकायचा, लहान चेनचक्रावरून मोठ्यावर चेन न्यायची. शक्य असेल तर सायकलचे तीन गिअरचे हब त्या शाफ्टवर बसवायचे. मग चढाला ताशी 6 आणि सपाटीला त्याहून जास्त वेग असे दोन्ही मिळते, आणि ‘इतकी हळू गाडी काय कामाची’ या आक्षेपालाही उत्तर मिळते. एवढे जमत नसेल, तर कमी फेऱ्यांची हब मोटर 26 ऐवजी 20 इंची चाकात घ्यावी. केवळ चाक लहान केल्याने जोर 30 टक्के वाढतो.

मात्र या सगळ्याच्या आधी ब्रेक. चढण्याची चर्चा तासभर चालते आणि उतरण्याची कुणी काढत नाही, हे फार धोक्याचे आहे. सायकलवाला अडचणीत पाय टेकतो. ज्याच्या पायांत बळ नाही, त्याला ती सोय नाही. चढावर गाडी मध्येच बंद पडली, तर ती मागे घसरणार. म्हणून मागच्या दोन्ही चाकांना ड्रम किंवा डिस्क ब्रेक, पुढे एक स्वतंत्र ब्रेक आणि दाबून अडकवता येणारी लॉकची मूठ, एवढे झाल्याशिवाय गाडी जास्त चढाची करूच नये. मागे उलटू नये म्हणून आसनामागे दोन लहान चाके जमिनीपासून थोडी वर बसवतात. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला पुढे झुकून तोल सावरता येत नाही, त्याला ती हवीतच.

बाकीचे समज थोडक्यात. व्होल्टेज 24 चा 36 केला की जोर वाढतो: मुख्यतः वेग वाढतो, आणि त्या व्होल्टेजचा नसेल तर कंट्रोलर जळतो. उतारावर बॅटरी परत भरते: आत फ्रीव्हील असलेल्या गिअरच्या हब मोटरमध्ये मुळीच नाही, इतरांत 50 मीटरच्या उतारावर वरच्या 20 वॅट-तासांतला काही भाग. मोटर पुढच्या चाकात असो की मागे, सारखेच: नाही, चढावर भार मागे सरकतो आणि सुट्या मुरमावर पुढचे चाक जागीच फिरते. चढ अंगावर येतो म्हणून नागमोडी चालवावे: तीनचाकी आडव्या उतारावर कुशीला कलंडते, सरळच चढावे.

‘सरकारी गाडी मिळाली, तिच्यात बदल कोण करून देणार?’ हा प्रश्न उरतो. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कानपूरच्या एलिम्कोच्या गाड्या वाटल्या जातात. शिबिरात गाव सपाट आहे की डोंगरातले, हेही विचारले गेले पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 41 मध्ये परवडणाऱ्या खर्चात वैयक्तिक हालचालीची सोय करताना वाहनांत बदल करून देण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ग्रामपंचायतीला स्वनिधीतले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. अर्ज करायला वाव आहे. फक्त त्यात ‘मोठी बॅटरी मिळावी’ असे लिहू नये. गवंड्याची पाणसळ आणि एक मीटरची सरळ फळी घ्यावी, चढावर फळी ठेवून खालचे टोक पाणसळीचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचलावे आणि त्याखालची पोकळी सेंटिमीटरमध्ये मोजावी. 8 सेंटिमीटर म्हणजे 8 टक्के. मग अर्जात चढाची टक्केवारी, माणसासह गाडीचे वजन, चढावर हवा असलेला वेग आणि मागच्या चाकांच्या ब्रेकची मागणी, एवढे लिहून द्यावे. हाच कागद वर्कशॉपमध्येही दाखवावा.